रिबेट शून्यापर्यंतच नेतो, कापलेला टीडीएस मात्र पूर्ण परत मिळतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

"बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही" ही हेडलाइन २०२५ च्या बजेटपासून सगळ्याच पेपरांत इतक्या वेळा छापून आली की आता ती आमच्या बडोद्यात दांडिया बाजारपासून मांजलपूरपर्यंत प्रत्येकाच्या तोंडी आहे, आणि ती खोटी नाही, पण अर्धी आहे. त्या अर्ध्या माहितीतून लोकांनी दोन निष्कर्ष काढलेत. काहींना वाटतं टॅक्स नाही म्हणजे रिटर्न भरायची गरजच नाही. आणि काहींना वाटतं की सरकारने ६०,००० रुपयांची सूट दिलीय ना, मग रिटर्न भरलं की ते ६०,००० आपल्या खात्यात येणार. मी रावपुऱ्यात एका टॅक्स सल्लागाराच्या ऑफिसात रिटर्नं भरण्याचं काम करते आणि संध्याकाळी ओळखीच्या ज्येष्ठांचे कागद बघून देते, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न मला जूनपासून रोज ऐकायला मिळतात. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दोन्हींमुळे लोकांचं नुकसान होतंय, म्हणून हे पत्र, थोडं लांब होईल, पण कृपया कापू नका.

मुळात टॅक्स कमी करणाऱ्या गोष्टी दोन जातीच्या असतात. एक जात अशी की ती तुमचा टॅक्स कमी करत करत शून्यापर्यंत आणते आणि तिथे थांबते, शून्याच्या खाली जातच नाही, उरलेली सूट तिथेच संपते. दुसरी जात अशी की टॅक्स शून्य झाला तरी उरलेली रक्कम तुमच्या हातात देते. आयकर कायद्याच्या कलम ८७ए चा रिबेट, म्हणजे तीच ६०,००० पर्यंतची सूट, पहिल्या जातीचा. टीडीएस (पगार किंवा व्याज देतानाच कापलेला टॅक्स), टीसीएस (परदेशी पैसे पाठवण्यासारख्या व्यवहारात वरून घेतलेला टॅक्स), ॲडव्हान्स टॅक्स (आपण आगाऊ भरलेला) हे दुसऱ्या जातीचे, कारण ते तुमचेच पैसे आहेत जे सरकारकडे आधीच जमा झालेत. किराणावाल्याने बिलावर शंभर रुपये सूट दिली आणि बिल साठच रुपयांचं झालं तर उरलेले चाळीस तो तुमच्या हातावर ठेवत नाही, पण तुम्ही त्याच्याकडे आधी पाचशे जमा ठेवले असतील तर ते त्याला परत द्यावेच लागतात, इतका साधा फरक आहे.

हे रिटर्नच्या फॉर्ममध्ये डोळ्यांनी दिसतं, फक्त कुणी बोट ठेवून दाखवत नाही. आयटीआर-१ मध्ये टॅक्स कॉम्प्युटेशनचं पान उघडा. सगळ्यात वर एकूण उत्पन्नावरचा टॅक्स, त्याच्या खाली ८७ए चा रिबेट, मग रिबेट वजा करून उरलेला टॅक्स, त्यावर ४ टक्के सेस म्हणजे उपकर, मग एकूण. इथपर्यंतचा कुठलाच आकडा उणे होऊ शकत नाही. त्यानंतर वेगळा हिशोब सुरू होतो, तुम्ही आधीच किती भरलंय त्याचा, त्यात टीडीएस, टीसीएस, ॲडव्हान्स टॅक्स, सेल्फ असेसमेंट टॅक्स (रिटर्न भरताना स्वतः भरलेला) येतात, आणि ही बेरीज वरच्या आकड्यापेक्षा जास्त झाली की फरक रिफंडच्या रकान्यात येतो. रिबेट वरच्या हिशोबात आहे, टीडीएस खालच्या. म्हणून रिबेटमधून कधीच रिफंड निघत नाही.

एक उदाहरण देते, आकडे सोपे केलेत पण असे कागद आमच्याकडे ढिगाने येतात. अडुसष्ट वर्षांच्या एक काकू, स्वतःची पेन्शन वर्षाला ३,६०,००० आणि बँकेतल्या एफडीचं व्याज २,४०,०००. नव्या रिजीममध्ये (कमी दरांची, पण बहुतेक सवलती नसलेली पद्धत) पेन्शनमधून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजावट, जातं, उरले २,८५,०००, त्यात व्याज मिळवलं की एकूण उत्पन्न ५,२५,०००. २०२५-२६ च्या स्लॅबप्रमाणे पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, म्हणजे सव्वा लाखावर ६,२५० रुपये टॅक्स. रिबेटची मर्यादा ६०,००० असली तरी टॅक्सच ६,२५० आहे, म्हणून रिबेटही ६,२५०, आणि टॅक्स शून्य. उरलेले ५३,७५० कुठेच जात नाहीत, मिळत नाहीत, पुढच्या वर्षीही चालत नाहीत. पण बँकेने त्या २,४०,००० व्याजावर १० टक्क्यांनी २४,००० टीडीएस कापलाय. टॅक्स शून्य, भरलेले २४,०००, म्हणजे रिफंड २४,०००. काकूंच्या मुलाने ८४,००० येतील असं धरलं होतं आणि शेजारच्या काकांनी सांगितलं होतं की टॅक्स नाही तर रिटर्न भरूच नका, म्हणजे हातात शून्य. खरं उत्तर २४,०००, आणि पेन्शनवर घर चालवणाऱ्या बाईला ही रक्कम लहान नाही.

इथे आणखी एक गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही. टॅक्स शून्य असणं आणि रिटर्न भरायला न लागणं हे एक नाही. नव्या रिजीममध्ये २०२५-२६ साठी उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरणं कायद्याने आवश्यक आहे, रिबेटमुळे टॅक्स शून्य होत असला तरी. शिवाय टीडीएस आणि टीसीएस मिळून वर्षात २५,००० किंवा जास्त असेल, ज्येष्ठांसाठी ५०,०००, तर उत्पन्न मर्यादेच्या आत असलं तरी भरावं लागतं. काकूंनी ३१ जुलैच्या आत भरलं तर रिफंडवर १ एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का व्याजही मिळतं (हे व्याज पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवायचं असतं, ते बरेच जण विसरतात). उशिरा भरलं तर ५ लाखांच्या वर उत्पन्न असल्यामुळे ५,००० लेट फी, ती रिफंडमधूनच जाते, आणि व्याज रिटर्न भरल्या तारखेपासून मोजतात. ३१ डिसेंबरही गेला तर मग फार कठीण, कारण त्यानंतर जे अपडेटेड रिटर्न भरता येतं त्यात रिफंड मागताच येत नाही, खात्याकडे विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, आणि सत्तरीच्या माणसाने तो करावा अशी अपेक्षा मला बरोबर वाटत नाही.

खरं तर हे पैसे कापलेच जाऊ नयेत यासाठी एक फॉर्म आहे, २०२५-२६ पर्यंत त्याचा नंबर १५एच होता. साठ वर्षांच्या वरच्या माणसाचा वर्षाचा टॅक्स शून्य येणार असेल तर त्याने बँकेत तो द्यायचा की टीडीएस कापत नाहीत, आणि २०१९ पासून हा शून्य टॅक्स ८७ए चा रिबेट धरून मोजला तरी चालतो, म्हणजे काकूंना हा फॉर्म देता आला असता. साठच्या आतल्यांसाठी १५जी होता पण तिथे उत्पन्नच मूळ मर्यादेच्या (नव्या रिजीममध्ये ४ लाख) आत असावं लागायचं, रिबेटमुळे शून्य झालेलं चालत नसे. हा फरक काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांनाही अनेकदा माहीत नसतो. एका बँकेत आमच्या ओळखीच्या आजोबांना "तुमचं उत्पन्न चार लाखांच्या वर आहे, फॉर्म घेता येणार नाही" असं सांगून परत पाठवलं, आणि ते निमूटपणे परत आले. फॉर्म दरवर्षी नवीन द्यावा लागतो, एप्रिलच्या सुरुवातीलाच, आणि जितक्या बँकांत एफडी तितक्या बँकांत. ज्येष्ठांसाठी एका बँकेतलं व्याज वर्षाला १ लाखाच्या आत असेल तर १ एप्रिल २०२५ पासून टीडीएस कापतच नाहीत, त्यामुळे ज्यांच्या एफडी लहान आहेत त्यांनी काळजी करू नये.

आता तरुण मंडळींचं. आमच्याकडे अलेंबिक रोड, गोत्री, वाघोडिया भागातली कंपनीत नोकरी करणारी मुलं हल्ली शेअरमध्ये खेळतात, त्यात वाईट काही नाही, पण त्यांचा हिशोब हेडलाइनवर चालतो. समजा पगारातून स्टँडर्ड डिडक्शन जाऊन ७ लाख उरले आणि वर्षाच्या आत विकलेल्या शेअरवर १ लाख नफा झाला. एकूण ८ लाख, बाराच्या कितीतरी खाली. मुलगा म्हणतो टॅक्स शून्य. तसं नाही. ७ लाखांवरचा १५,००० टॅक्स रिबेटने जातो, पण शेअरच्या शॉर्ट टर्म नफ्यावर २० टक्के वेगळा दर आहे आणि अशा खास दराच्या टॅक्सला नव्या रिजीममध्ये ८७ए चा रिबेट लागू नाही, हे २०२५ च्या फायनान्स ॲक्टने स्पष्ट लिहून टाकलं. म्हणजे २०,००० आणि सेस ८००, एकूण २०,८०० भरायचे. रिबेटच्या ६०,००० पैकी ४५,००० अजून शिल्लक दिसतात, तरी ते या टॅक्सवर वापरता येत नाहीत. याआधीच्या वर्षांच्या बाबतीत यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या, मुंबई हायकोर्टापर्यंत प्रकरण गेलं, पण २०२५-२६ पासून वादाला जागा ठेवलेली नाही.

आणि बाराच्या जरा वर गेलेल्यांनी घाबरू नये. १२,१०,००० उत्पन्न असेल तर स्लॅबप्रमाणे ६१,५०० येतात, पण मार्जिनल रिलीफमुळे टॅक्स १०,०००, म्हणजे बारा लाखांच्या वर जेवढं कमावलं तेवढाच, अधिक सेस.

बडोद्याच्या वाचकांसाठी यापुढचं जास्त महत्त्वाचं, कारण इथे मराठी असो की गुजराती, प्रत्येक घरातलं कुणीतरी अमेरिकेत, कॅनडात नाहीतर ऑस्ट्रेलियात आहे. ही मुलं इथल्या एनआरओ खात्यात (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयांचं खातं) आईवडिलांसाठी म्हणून एफडी ठेवतात आणि त्यावर ३० टक्के अधिक सेस, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस कापला जातो. २ लाख व्याजावर ६२,४००. एनआरआयला ८७ए चा रिबेट मिळतच नाही, तो फक्त भारतात रेसिडेंट असलेल्यांना आहे, १५एच पण देता येत नाही, म्हणून घरातले म्हणतात जाऊ दे, त्याला काय कमी आहे तिकडे. पण रिबेट मिळत नसला तरी ४ लाखांची मूळ मर्यादा एनआरआयलाही आहे, इथलं उत्पन्न २ लाखच असेल तर टॅक्स शून्य आणि ६२,४०० पूर्ण परत. फक्त रिटर्न भरावं लागतं. काही जण सांगतात की आम्ही अमेरिकेत याचं फॉरेन टॅक्स क्रेडिट (परदेशात भरलेल्या टॅक्सची वजावट) घेतो, इथे कशाला भरायचं. जो टॅक्स भारतात मागितल्यावर परत मिळणार आहे तो अमेरिकेच्या नियमांप्रमाणे भरलेला टॅक्स धरला जात नाही, त्याचं क्रेडिट तिथे घेता येत नाही, त्यामुळे आधी इथलं रिफंड मागणंच योग्य. अमेरिकेत राहणाऱ्याने तिथलं रेसिडन्सी सर्टिफिकेट आणि त्यासोबतचा फॉर्म (२०२५-२६ पर्यंत १०एफ) दिला तर भारत-अमेरिका टॅक्स करारानुसार व्याजावर १५ टक्केच कापून घेता येतो, तेही बँकेला सांगून ठेवावं.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर तिथली पद्धत थोडी सांगते, कारण तिकडून फोनवर ऐकलेलं इकडे लावण्यातून बराच घोटाळा होतो. तिकडे काही क्रेडिट (टॅक्समधून थेट वजा होणाऱ्या सवलती) खरोखरच अशी आहेत की टॅक्स शून्य झाल्यावरही सरकार वरून पैसे देतं. १९७५ पासून चालू असलेलं अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट हे कमी पगाराच्या कष्टकऱ्यांसाठी आहे आणि ते पूर्ण रिफंडेबल आहे, २०२५ साठी तीन किंवा जास्त मुलं असलेल्या कुटुंबाला जास्तीत जास्त ८,०४६ डॉलर. मुलांसाठीचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट मात्र अर्धवट रिफंडेबल आहे, २०२५ साठी एका मुलामागे २,२०० डॉलर, त्यातले जास्तीत जास्त १,७०० परत मिळू शकतात. नवरा-बायको, दोन मुलं, पगार ४५,००० डॉलर, त्यातून ३१,५०० स्टँडर्ड डिडक्शन गेलं, १३,५०० वर १० टक्के म्हणजे १,३५० टॅक्स. दोन मुलांचं क्रेडिट ४,४००, त्यातले १,३५० टॅक्स खाऊन टाकतो, उरलेले ३,०५० मर्यादेत बसतात म्हणून खात्यात जमा. आता हाच १,३५० टॅक्स असलेला कुणी कोर्स करत असेल आणि त्याला लाइफटाइम लर्निंग क्रेडिट २,००० डॉलरचं मिळत असेल, तर टॅक्स शून्य होईल आणि उरलेले ६५० बुडाले, कारण ते नॉन-रिफंडेबल आहे. आपला ८७ए याच नॉन-रिफंडेबल जातीतला. भारतात रिफंडेबल क्रेडिट, म्हणजे टॅक्स न भरणाऱ्यालाही रिटर्नमधून पैसे देणारं काहीही नाही. इथे रिफंड म्हणजे फक्त स्वतःचे जादा गेलेले पैसे.

तिकडे शिकायला गेलेल्या मुलांच्या आईवडिलांनी एक नक्की लक्षात ठेवावं. एफ-१ व्हिसावरचे विद्यार्थी साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं टॅक्ससाठी नॉन-रेसिडेंट असतात, त्यांनी १०४०-एनआर फॉर्म भरायचा असतो. भारत-अमेरिका करारातल्या कलम २१ मुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे बाकी बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही, ही मोठी सोय आहे. पण रूममेटने सांगितलं म्हणून साध्या सॉफ्टवेअरमध्ये रेसिडेंटचा १०४० भरून अमेरिकन अपॉर्च्युनिटी क्रेडिट घेतलं, ज्यातले १,००० डॉलरपर्यंत रोख परत येतात, तर ते चुकीचं आहे, पैसे येतात आणि नंतर व्याजासकट परत मागतात, आणि पुढे व्हिसाच्या कामात अशी चूक असणं कुणालाच परवडत नाही. तसंच तिकडच्या मुलाने इथे बडोद्यात राहणाऱ्या आईवडिलांना डिपेंडंट दाखवून ५०० डॉलरचं क्रेडिट घेऊ नये. डिपेंडंट अमेरिकेचा नागरिक किंवा अमेरिकेत, कॅनडात, मेक्सिकोत राहणारा असावा लागतो, इथे बसलेले आईवडील त्यात बसत नाहीत, मुलगा कितीही पैसे पाठवत असला तरी.

उलट दिशेने पैसे जातात तेव्हाही क्रेडिटचा प्रश्न येतो. मुलीची फी म्हणून वडिलांनी स्वतःच्या बचतीतून वर्षात २५ लाख पाठवले, तर २०२५-२६ मध्ये १० लाखांच्या वरच्या १५ लाखांवर ५ टक्के, ७५,००० टीसीएस बँकेने वेगळा घेतला (मान्य संस्थेच्या एज्युकेशन लोनमधून पाठवले तर टीसीएस नाही). लोक याला चार्ज समजून सोडून देतात! हा चार्ज नाही, टीडीएससारखाच तुमच्या पॅनवर जमा झालेला टॅक्स आहे, २६एएस मध्ये (पॅनवर जमा टॅक्सचा आयकर खात्याकडचा उतारा) दिसतो, रिटर्नमध्ये दाखवला की टॅक्समधून वजा होतो आणि जास्त असला तर रिफंड मिळतो. नोकरदारांना तर ऑक्टोबर २०२४ पासून याची माहिती ऑफिसात फॉर्मवर दिली की पगारातला टीडीएस तेवढा कमी कापून घेता येतो, वर्षभर थांबायलाही नको.

आणि ज्यांना अमेरिकन कंपनीचे शेअर मिळालेत त्यांच्यासाठी एकच वाक्य, तिकडे डिव्हिडंडवर २५ टक्के कापतात, इथे फॉर्म ६७ भरून त्याचं क्रेडिट मिळतं, पण त्या उत्पन्नावर भारतात जेवढा टॅक्स लागतो तेवढंच, तुमचा स्लॅब २० टक्क्यांचा असेल तर वरचा फरक परत मिळत नाही आणि पुढेही नेता येत नाही, हेही नॉन-रिफंडेबलच झालं.

हा फरक लोकांना कळत नाही याचा फायदा घेणारेही आहेत, आणि माझा खरा राग त्यांच्यावर आहे. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतात, "पगारदारांसाठी जास्तीत जास्त रिफंड, आधी पैसे नाही, रिफंडच्या टक्क्यात फी". हे लोक जुन्या रिजीममध्ये जाऊन खोटं घरभाडं, न दिलेल्या देणग्या, नसलेला विमा दाखवतात, त्यामुळे टॅक्स कमी होतो आणि कंपनीने कापलेला टीडीएस रिफंड म्हणून सुटतो. माणसाला वाटतं सरकारने काहीतरी क्रेडिट दिलं. रिफंडमधला हिस्सा घेऊन एजंट नंबर बदलतो आणि नोटीस येते ती पॅनकार्ड ज्याचं त्याला. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभर १५० ठिकाणी अशा खोट्या डिडक्शनच्या प्रकरणांत तपासणी केली होती. खोटी माहिती देऊन टॅक्स कमी दाखवला तर त्या टॅक्सच्या दोनशे टक्के दंड आहे. एका साध्या फिटर म्हणून काम करणाऱ्या भाऊंनी मला नोटीस आणून दाखवली, त्यात त्यांच्या नावावर एका राजकीय पक्षाला दिलेली देणगी होती ज्या पक्षाचं नाव त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि त्यांचा एकच प्रश्न होता की ताई, हे पैसे सरकारनेच दिले होते ना. त्यांना कुणी आधी सांगितलं असतं की आपल्याकडे रिफंड म्हणजे स्वतःच्या कापलेल्या पैशापेक्षा जास्त काही असूच शकत नाही, तर ते त्या एजंटच्या बोलण्यात आले नसते.

एक मत मांडते, पटेल न पटेल. ८७ए हा रिबेट २०१३ च्या बजेटमध्ये आला तेव्हा २,००० रुपयांचा होता, २०१९ मध्ये १२,५०० झाला, २०२३ मध्ये नव्या रिजीमला २५,०००, आता ६०,०००. मध्यमवर्गाला याचा खरा फायदा झालाय, मी रोज बघते. पण ज्या बाईचं वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्याही आत आहे, जी चार घरी पोळ्या करते, तिला २,००० च्या काळातही काही मिळालं नाही आणि ६०,००० च्या काळातही नाही, कारण जो टॅक्सच भरत नाही त्याच्यापर्यंत नॉन-रिफंडेबल सूट पोचतच नाही. अमेरिकेने २०२१ या एका वर्षासाठी मुलांचं क्रेडिट वाढवून पूर्ण रिफंडेबल केलं, लहान मुलांसाठी ३,६०० आणि मोठ्यांसाठी ३,००० डॉलर, टॅक्स असो वा नसो, आणि त्यांच्याच सेन्सस ब्युरोच्या पूरक मोजणीत बालगरिबी त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आली, ती योजना संपल्यावर २०२२ मध्ये १२.४ टक्के. आपल्याकडे गरिबाला मदत रिटर्नमधून न देता पीएम-किसानसारख्या योजनांतून थेट खात्यात देतात, आणि जिथे बहुसंख्य लोक रिटर्नच भरत नाहीत तिथे तेच सोयीचं आहे हे मला मान्य आहे. पण मग बजेटच्या दिवशी "सर्वांना दिलासा" असं छापू नये. दिलासा टॅक्स भरणाऱ्यांना आहे, सर्वांना नाही, एवढं तरी नीट लिहावं.

संपादक महोदय, आपल्याकडून दोन गोष्टी हव्यात. यंदाचं, म्हणजे २०२५-२६ चं रिटर्न जुन्या १९६१ च्या कायद्यानेच भरायचंय, पण १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर कायदा २०२५ लागू आहे आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत, ८७ए हा नंबरही त्यात राहिलेला नाही, तेव्हा गोंधळ वाढणार. म्हणून जून महिन्यात दर आठवड्याला एक चौकट छापा, मोठ्या अक्षरात, ज्येष्ठांना चष्मा लावून वाचता येईल अशी, त्यात २६एएस कसं काढायचं, त्यातला टीडीएस बँकेच्या सर्टिफिकेटशी कसा जुळवायचा, बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट कसं करायचं आणि रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय केलं नाही तर व्हेरिफाय केल्याची तारीखच भरल्याची तारीख धरतात, आणि केलंच नाही तर ते भरलेलंच धरत नाहीत, हे सगळं साध्या मराठीत. दुसरं, आपल्या वार्ताहरांना एप्रिलमध्ये बडोद्यातल्या बँकांच्या शाखांत पाठवा आणि प्रत्येक शाखेत विचारा की रिबेटमुळे टॅक्स शून्य होणाऱ्या ज्येष्ठाकडून तुम्ही टीडीएस न कापण्याचा फॉर्म घेता का, आणि उत्तरं शाखेच्या नावासकट छापा. जी शाखा नाही म्हणेल तिथे दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळातले आठ-दहा ज्येष्ठ नियमाची प्रत घेऊन जातील, त्यांना सोबत न्यायची जबाबदारी माझी.

आपली,
एक वाचक,
रावपुरा, बडोदा